बायकोचं वजन उतरलं

माझी बायको जाड होती. मी काटकुळा. दोघं संगं चाललो की गाव हसायचं. माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे तिची जाऊ, तोंडावर म्हणायची, "मेल्यावर तुला उचलायला गाव बोलवाय लागंल गं. जरा कमी खा की."

"तोवर तू ऱ्हा म्हंजे झालं," बायको म्हणायची.

तिचे गुडघे गेले होते. म्हशीखालनं उठताना गोठ्याचा खांब धरावा लागायचा. कोल्हापूरला दवाखान्यात नेली. डॉक्टर तरणा होता. म्हणाला, "रक्तातली साखर काठावर आहे. आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. भात-भाकरी कमी, साखर बंद. दूध, अंडी, कडधान्य, पालेभाजी, फळं खा." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आजोबा, यांना खायला काय घालता एवढं?"

काय घालणार? राधानगरीकडं आमचं घर. तांदूळ रेशनला फुकट. कारखान्याचा शेअर आहे, म्हणून साखर स्वस्तात. तेल पामचं. त्यानं बंद करा म्हटलं ते सगळं घरात येऊन पडलेलं, आणि खा म्हटलं ते बाजारात. दूध घरचं, पण ते डेअरीचं. म्हशीला मात्र सरकी पेंड, भरडा, सगळं वेळच्या वेळी. जनावरांचा डॉक्टर सांगेल ते आम्ही न बोलता आणायचो. म्हशीनं खाल्लेलं दुधात परत येतं. बाईनं खाल्लेलं कुठं येतं?

एकदा मी पेलाभर दूध तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते कॅनमध्ये ओतलं. "मी पिऊ, आन् डेअरीला काय पाणी घालतासा?"

पण ऑपरेशन तिला पाहिजे होतं. खांब न धरता एकदा उठायचं होतं, एवढंच. तिनं भात सोडला, भाकरी सोडली. भूक लागली की चहा. बिनदुधाचा, साखर दाबून, संगं स्वस्तातला टोस्ट.

सून म्हणाली, "आत्ती, साखर बंद केलीया डॉक्टरनं."

"चहा म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

आणि वजन उतरलं. झंपर ढगळ झालं. जाऊ आली, तिचा दंड चाचपला आणि म्हणाली, "काय औशीद घेतीस? मला बी सांग की." बायको लाजली. उभ्या जन्मात तिच्या अंगाला कुणी बरं म्हटलं नव्हतं. पाणी घटाघटा प्यायची, रात्री सारखी उठायची, तिकडं कोण बघतंय.

ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलो. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाला, "वजन खाणं कमी केलं म्हणून नाही उतरलं. साखर वाढलीय, ती शरीर खातेय." तिथंच ठेवून घेतली. परत आणली ती झाकूनच.

जाळून आलो आणि दारात बसलो. जाऊ डोळं पुसत म्हणाली, "बारीक झाल्यावर किती देखणी दिसाय लागलीती, भावजी."

मी म्हणलो, "व्हय वहिनी. उचलायला बी हलकी. गाव बोलवाय लागलं न्हाई."

तेवढ्यात शेजारच्या घरातनं चहा आला. बिनदुधाचा, लई गोड. सगळ्यांनी घेतला. म्हस ओरडाय लागली, तशी सून कॅन घेऊन गोठ्याकडं गेली.