जीपचा सायलेन्सर आणि अक्काची डोकेदुखी

सणसवाडीत सकाळी साडेसातला मी जीप सुरू केली आणि समोरच्या बिल्डिंगमधली तीन माणसं गॅलरीत आली. शिव्या द्यायला आली असती तर मला वाईट वाटलं नसतं. ती नुसती बघत उभी राहिली.

आवाजच तसा होता. जुनी पेट्रोल जीप, कधीकाळी सरकारी लिलावात निघालेली. चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर नदीकाठी जाऊन चित्रं काढायची हौस होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी मांडवगण फराट्याच्या एका शेतकऱ्याकडून घेतली. तिच्या सायलेन्सरचं काहीतरी उलटंसुलटं करून ठेवलेलं आहे हे मला पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं. पण जुनी गाडी म्हणजे चार खोडी असणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. गेल्या आठवड्यात चौकात पोलिसानं थांबवून सांगितलं, "काका, पुन्हा हा आवाज ऐकला तर गाडी इथंच ठेवून घेईन." तेव्हा जाग आली. शिरूरला सायलेन्सरचा एक जुना मिस्त्री आहे असं कळलं. रस्ता उलटा पडत होता, तरी आधी तिकडं जायचं ठरवलं.

खरं काम वेगळंच होतं, आणि ते मला करायचं नव्हतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. भावजी गेल्यापासून यवतला स्वतःच्या घरात एकटी राहायची आणि एकटी राहते याचा तिला भारी अभिमान. पण दिवाळीपासून तिचं काहीतरी बिनसलं. डोकं धरायचं, मळमळायचं. दोनदा चक्कर येऊन पडली. सुरुवातीलाच एकदा माझ्या दारात गाडीतून उतरली आणि मला "दादा" म्हणाली. आमचे दादा, म्हणजे वडील, जाऊन वीस वर्षं झाली. मी हसण्यावारी नेलं, पण रात्री जेवण गेलं नाही.

तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या. डॉक्टरांनी वयावर ढकललं आणि गोळ्या लिहून दिल्या. अक्काचा मुलगा महेश सणसवाडीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यानं निकाल लावला: यवतचं घर बंद, आई कायमची माझ्याकडं. तीन आठवडे ती त्याच्याकडं होती आणि एकदाही डोकं दुखलं नाही. त्याचं श्रेय आम्ही सगळ्यांनी सुनेच्या हातच्या जेवणाला दिलं. आता यवतला जाऊन सामान बांधायचं आणि संध्याकाळपर्यंत जीपमधून घेऊन यायचं, एवढं काम माझ्याकडं होतं.

"मामा, हूड नीट लावा. आईला वारा बाधतो," महेश म्हणाला.

हूड मी दिवाळीआधी मुद्दाम अक्कासाठीच शिवून घेतला होता. काळ्या रेक्झिनचा, खालपर्यंत बटणं, मागं प्लॅस्टिकची खिडकी. पुढं माझ्या बाजूची फट तेवढी उघडी, कारण कोपर बाहेर ठेवल्याशिवाय मला गाडी चालवता येत नाही. अक्का मागच्या सीटवर पाय पसरून बसली. मी सगळी बटणं लावली. रांजणगावपर्यंत ती बोलत होती. पुढं आरशात बघितलं तर मान कलंडलेली.

"झाली सुरू झोप," मी म्हणालो. "नर्सबाई, ड्यूटीवर पण अशीच झोपायचीस का?"

उत्तर आलं नाही. मी हसलो, हे मला कबूल केलं पाहिजे.

शिरूरला मिस्त्रीच्या शेडपुढं गाडी थांबवली. हमीदचाचा, सत्तरी गाठलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आजोबांच्या काळापासून त्यांचं घर शिरूरमध्येच. मी आवाजाचं गाऱ्हाणं सांगत होतो आणि त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. अक्का उतरताना दाराची कड धरून खाली बसली आणि तिथंच ओकली.

"आजारी हायत का ताई?"

"नाही हो, गाडीत बसलं की होतं तिला असं."

"कुठल्या बी गाडीत?"

मला आठवेना. एसटीनं ती गेल्या वर्षी तुळजापूरला जाऊन आली होती, ठणठणीत.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. अक्काला बाकावर वाऱ्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मला गाडी सुरू करायला सांगितलं. मग मागचं रबरी मॅट उचललं. सीटखालचा पत्रा गंजून हाताचा पंजा जाईल एवढा खाल्लेला होता. भोकाच्या बरोबर खाली पाईपचं तोंड. गाडीच्या मागं जायला हवा तो पाईप मध्येच कापून, वर वळवून, सीटखाली आणून सोडलेला. चाचांनी खिशातला पांढरा रुमाल भोकावर धरला. तो फडफडला, आणि त्यांनी तो माझ्यापुढं धरला तेव्हा मधोमध काळा गोल उमटला होता.

"ह्यो गॅस दिसत न्हाई, ह्याला धड वास बी न्हाई," ते म्हणाले. "मानसाला झोपवतो. कवा कवा उठवत न्हाई."

  मी जीपच्या चाकाला टेकून जमिनीवर बसलो.

बाकावरून अक्काचा आवाज आला. ती स्वतःशीच मोजत होती. "डोकं दुखणं. मळमळ. गुंगी. उतरलं की दोन तासांत बरं. सुहास, दुसऱ्या कुणी मला एवढं सांगितलं असतं तर मी दारातच ओळखलं असतं रे. मी नर्स होते."

"आधी डागदर," चाचा म्हणाले. "गाडी कुठं पळत न्हाई."

शेजारच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते कोणत्याही वयाच्या डॉक्टरकडून ऐकायला जड गेलं असतं: आणखी तासभर त्या तशाच झोपून राहिल्या असत्या तर तुम्ही त्यांना उठवू शकला नसता. मी मान डोलावली. सणसवाडीहून यवतला जाऊन परत यायला बंद हूडमध्ये किती तास लागले असते याचा हिशोब माझं डोकं आपणहून करत होतं, आणि मला तो थांबवता येत नव्हता.

दोन-अडीच तासांनी अक्काच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टरांनी पुन्हा तपासून जायला परवानगी दिली, तीही गाडी नीट करण्याच्या अटीवर. चाचांनी तोवर खाली झोपून सगळं बघून ठेवलं होतं. सायलेन्सरची आतली जाळीसुद्धा कुणीतरी काढून टाकलेली, म्हणून तो फाडफाड आवाज. सायलेन्सरचा दुसरा डबा त्यांच्या भंगारात होता. मागचा वळणाचा पाईप मात्र या गाडीचा आता मिळत नाही.

"हातानं वाकवला तर दोन दिस जात्यात. पैल्या मालकानं जुना ठिवला आसंल. शेतकरी लोखंड फेकत न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी पत्र्याचं भोक बुजवलं, डबा बसवला, तात्पुरता एक पाईपचा तुकडा क्लॅम्पनं जोडून धूर मागं काढून दिला, आणि हूड स्वतःच्या हातानं उतरवून गुंडाळला. मग वेल्डिंगचं सामान मागं टाकून स्वतःही मागं बसले. "म्या बरुबर येतो. तुमच्यावर सोडत न्हाई आता." मला राग यायला हवा होता. आला नाही.

न्हावऱ्यावरून मांडवगणच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडणी झालेली रानं, त्यांत पसरलेलं पाचट (उसाची वाळलेली पानं) पिवळंधमक. अक्का पुढच्या सीटवर, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, तोंडावर वारा घेत बसली होती. पूर्वी असल्या रस्त्याला मी चार वेळा गाडी थांबवून रेखाटनं केली असती. त्या दिवशी रंग दिसत होते, पण आत पोचत नव्हते.

मला जीप विकणारे आप्पा घरीच होते. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आप्पांनी ऊस लावला आणि गावात पक्कं घर बांधलं. मला बघून खूश झाले. "या गुरुजी! कशी हाय जीप?"

मी सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण शेवटी ओरडलोच. "कुणाला सुचतं हो असलं? पाईप कापून माणसांच्या बुडाखाली सोडायचा?"

आप्पांनी ऐकून घेतलं. मग मला घेऊन रानाच्या कडेला गेले आणि पाचटाची मूठभर पानं उचलून माझ्या हातात दिली. हातात घेताच त्यांचा चुरा झाला.

"मागं पाईप खाली लोंबायचा. तापला की पाचट पेटायचं. शेजाऱ्याचा एक फड असाच गेला, उभा ऊस. म्हून म्या पाईप वर घितला. जाळी गच्च भरली व्हती, ती बी काढली. तवा पत्र्याला भोक नव्हतं गुरुजी. आन् आमची जीप कवा झाकल्यालीच नव्हती. उघड्या गाडीत पोरंबाळं, बायामाणसं, समदी बसायची." ते थांबले. "हूड कुणी लावला?"

"मी."

 मी ज्याच्यावर ओरडायला एवढ्या लांब आलो होतो, त्याला सोडून सगळा राग वळून माझ्याकडंच आला. बटणं मी लावली होती. एकेक, वरपासून खालपर्यंत, वारा लागू नये म्हणून.

आप्पा बांधावर बसले. "सांगाया पायजे व्हतं मी तुम्हास्नी," एवढंच दोनदा म्हणाले.

पाईप होता. न्हाणीघरात पाणी तापवायच्या चुलीला त्यांनी तो धुराडं म्हणून बसवला होता, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मावशींच्या, डोळ्यांत धूर जाऊ नये. माझ्या बहिणीच्या वाटणीचा पाईप इतकी वर्षं या घरातला धूर बाहेर नेत होता. आप्पांनी स्वतः चढून तो उपसला. मावशी आतून ओरडल्या, "आन् आता माझ्या चुलीचं काय?" आणि अक्का हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

चाचांनी पाईप घासला, ठोकून पाहिला, जोडला, नवं पॅकिंग घातलं. साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जोड तपासला. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी होती.  अक्कानं दीड भाकरी खाल्ली आणि पिठल्यात लसूण कमी आहे असं मावशींना तोंडावर सांगितलं. तेव्हा मला पटलं, ही आमचीच अक्का आहे. मग चाचा शिरूरच्या एसटीला बसले. निघताना त्यांनी गुंडाळलेला हूड काखेत मारला. "ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मी हात जोडले.

भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. जीप इतक्या हळू आवाजात चालत होती की गुऱ्हाळांपाशी माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. उन्हं कलताना यवतला पोचलो. अक्कानं कुलूप काढलं आणि मला म्हणाली, "तू बाहेरच थांब जरा." मी अर्थातच थांबलो नाही.

स्वयंपाकघरात फळीवरची सगळी भांडी खाली मांडून ठेवली होती आणि प्रत्येकावर चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावली होती, तिच्या दवाखान्यातल्या वळणदार अक्षरात. पितळी घागर: शेजारची शोभा. कुकर: सूनबाई. दळणाचे डबे: देवळातल्या काकू. शिलाई मशीन, पलंग, तुळशीचं वृंदावनसुद्धा, सगळ्यांवर नावं. महेशकडं जायच्या आधीच तिनं हे करून ठेवलं होतं.

"अक्का, हे काय?"

"डोकं जायला लागलं होतं ना रे," ती म्हणाली. "तुला दादा म्हणाले त्या दिवशी ठरवलं. पुढं मला नावं आठवली नसती. म्हणून आठवत होती तोवर लिहून घेतली."

इतके महिने तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी दर पंधरा दिवसांनी हौसेनं येऊन तिला फिरायला नेत होतो, आणि दर फेरीनंतर ती घरी येऊन एकेक चिठ्ठी लिहीत होती.

मला रडू आलं. तिनं रडू दिलं. मग महेशला फोन लावून माझ्या हातात दिला. "तूच सांग. तुझा हूड." मी सांगितलं, काहीही न वगळता.  महेश म्हणाला, "मामा, म्हणजे आईला काही झालेलंच नाही?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. अक्कानं फोन घेतला, उद्या तपासणाऱ्या डॉक्टरांना सगळं नीट सांगून मगच गोळ्यांचं बघू म्हणाली, आणि मी इथंच राहणार आहे, असंही.

आम्ही चिठ्ठ्या काढायला बसलो. कोपऱ्यात भावजींचा पितळी अडकित्ता होता, लहानपणापासून माझा डोळा त्याच्यावर. त्यावर माझं नाव होतं. मी तो उचलला.

"ठेव खाली," अक्का म्हणाली. "मी आहे अजून."

परतीच्या वाटेवर मी दोन्ही बाजूंचा वारा अंगावर घेत आलो. आप्पांनी ऊस वाचवला, मी बहिणीला वाऱ्यापासून वाचवलं, आणि दोघांनी मिळून तिला जवळजवळ मारलं होतं. याचा विचार करायचा नाही असं ठरवून आलो, आणि घरापर्यंत दुसरा विचार केला नाही. दारात बायकोनं विचारलं, "सामान कुठंय अक्कांचं?"

"आणलं नाही," मी म्हणालो, आणि सांगायला बसलो.