परकारांनी शोधलेलं मूळ कारण

मुश्ताक परकार हा आमच्या कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर. मूळचा चिपळूणचा, आता आयर्लंडमधल्या टॅल्यात माझा शेजारी. मालात दोष निघाला की त्याचं मूळ कारण शोधणं हे त्याचं काम. ते त्याने कारखान्यातच ठेवलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं.

त्याची मुलगी सनोबर पंधरा वर्षांची. तिला मशिदीत न्यायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालायची. मग शाळेत होदान नावाची सोमाली मुलगी भेटली आणि सनोबर दर शनिवारी आपणहून बस पकडून मशिदीतल्या मुलींच्या वर्गाला जाऊ लागली. रमजानात दोघी मिळून इफ्तारीच्या खजुरांच्या बशा मांडायच्या, नमाजाला खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या. मिरवायचा मात्र मुश्ताक. "शुभदा, संस्कार घरातून येतात!" संस्कार कसले डोंबलाचे! फ्रिजवर नमाजांचा तक्ता चिकटवला, एवढंच याचं कर्तृत्व.

पुढे त्याला कळलं की होदानचे वडील टॅक्सी चालवतात. लगेच पोरीत दोष दिसायला लागले. मोठ्याने हसते, गणितात कच्ची आहे, वळण नाही. ऐकताना मला लाज वाटली, त्याला बोलताना नाही वाटली. त्याने सनोबरला लांबच्या मशिदीतल्या वर्गात घातलं, कारण तिथे एका हार्ट सर्जनची मुलगी येते. "संगत पारखून घ्यावी," म्हणे. जणू कारखान्याला सप्लायर बघतोय.

सर्जनची मुलगी फोनमधून मान वर काढेना. महिन्याभरात सनोबरचं पोट नेमकं शनिवारी दुखायला लागलं, मग तक्ता कोरा राहू लागला. मुश्ताकने मूळ कारणं शोधली: आयर्लंडची हवा, शाळा, मोबाइल. स्वतःचं नाव त्या यादीत नव्हतं.

बकरी ईदच्या सकाळी मी मुबारकबाद द्यायला गेले, तर हा नवा कुर्ता घालून जिन्याखालून ओरडत होता. "सनोबर, नमाज चुकेल!"

"कोणाशेजारी उभी राहू, अब्बा?" एरवी इंग्लिशमध्ये बोलणाऱ्या पोरीने वरून चक्क मराठीत विचारलं.

"अल्लापुढे माणूस एकटाच असतो."

"मग तुमचे दोस्त अन्वरचाचा गावाला गेले की तुम्ही जुम्म्याची एकही नमाज का पढत नाही?"

मुश्ताक तोंड उघडणार, तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. अन्वर न्यायला आला होता. मुश्ताक चपला अडकवून धावतच सुटला.