कमळूच्या खड्ड्यातली बेडकं

टोकावड्याच्या अलीकडे डांबरी सोडून डोंगराकडे वळलं की जी वस्ती लागते, तिथे कमळूचं घर विचारू नये. लोक आधी हसतात. मग म्हणतात, "कोण, बेडकांचा कमळू? त्या टेपाडावर." या नावाचा कमळूला राग येत नाही. त्या बेडकांचे उपकारच आहेत, असं तो स्वतः सांगतो. आणि त्यांच्याहून जास्त चिमाकाकीचे.

झालं असं, की रंगूचे गुडघे गेले. ही कमळूची बायको. जन्मभर भातलावणीत वाकलेली. पहाटे टमरेल घेऊन ओहोळापर्यंत उतरणं तिला होईना. "पावसाआधी तुला घरात संडास," असा शब्द कमळूने दिला. शब्द दिला की सल्ले येतात.

मुलगा किशोर वाशिंदला कारखान्यात. तो म्हणाला, "बाबा, सेप्टिक टाकीच बांधा. आमच्या चाळीला तीच हाय." टाकी पक्की; गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं. पण गाळ उपसायला गाडी लागते, आणि कमळूच्या टेपाडावर बैलगाडीसुद्धा धापा टाकते. भातसानगरचा पुतण्या भाविक म्हणाला, "काका, प्लास्टिकची तयार टाकी आणा, पुरली की झालं." त्याने स्वतः ती पाणथळ जागेत पुरली होती. पहिल्याच पावसात रिकामी टाकी जमिनीतून वर आली आणि परसात तरंगू लागली. हे मात्र त्याने सांगितलं नाही. त्याच्या बायकोने, दर्शनाने, पदर तोंडाला लावून सांगितलं.

कमळूने मग तिसरी रीत धरली, जोडखड्ड्यांची. एक भरला की बंद करायचा, दुसरा चालू. बंद खड्ड्यातल्या मैल्याची दोनेक वर्षांत माती होते. गाडी नको, कोण नको. रीत चोख निवडली, जागा मात्र आळसाने. घरामागे कडक मुरूम. पहार मारली तर ठिणगी उडावी. घरापुढे शेताच्या बांधालगत माती लोण्यासारखी. कमळूने भर वैशाखात बांधालगतच खणलं. दोन्ही खड्डे कोरडे ठणठणीत.

शेजारच्या बौद्धवाडीतली चिमाकाकी पाण्याला चालली होती. विहीर दोन्ही वस्त्यांची, त्याच बांधाच्या जरा खाली. काकी खड्ड्याशी थांबली.

"कमळ्या, माती एवढी नरम कशी रे लागली तुला?"

"नशीब, काकी."

"नशीब नाय, पाणी. एक पाऊस जाऊ दे. तवर भांडं बसवू नको."

"आन् रंगूचे गुडघे?"

"गुडघेवाली पाणी पीत नाय काय?"

कमळू चिडला. संडासाचं भांडं दारात येऊन पडलं होतं. पण रंगूच आतून म्हणाली, "काकी सांगते तर थांबा. इतकी वर्षं उतरले, अजून एक पावसाळा उतरेन." त्या पावसाळ्यात ती काठी टेकत उतरायची, मागे छत्री धरून कमळू, चेहरा खड्ड्याहून खोल पडलेला.

आषाढात एका सकाळी बघतो तर दोन्ही खड्डे तळातूनच भरलेले, आत बेडकांची ग्रामसभा. कमळू विहिरीकडे पळाला. तिचं पाणीही रातोरात तसंच वर आलेलं. वर खड्डे, खाली विहीर, पाणी तेच. भांडं बसवलं असतं तर दोन वस्त्या काय प्यायल्या असत्या, ते त्याला आत्ता कळलं. तसाच भिजत तो काकीच्या ओटीवर गेला. तोंडातून एवढंच निघालं, "काकी, बेडकं आलीत."

"चला, कुणाची तरी सोय झाली," काकी म्हणाली.

दिवाळीनंतर कमळूने मुरूम फोडला. संडास घराला लागून, रंगूला भिंत धरून जाता येईल असा. खड्डे मात्र टेपाडाच्या मागच्या उतारावर, विहिरीकडे पाठ करून. मधे पाइप. त्याच्या हातांना फोड आले की काकी येऊन बसायची आणि विचारायची, "काय रे, आज नशीब कसं लागतंय?"

पुढे पहिला खड्डा भरला, बंद झाला, मुरत पडला. यंदा उघडला. कमळूने नाकाला फडकं बांधलं होतं, ते हळूच सोडलं. आत निव्वळ काळी, भुसभुशीत माती. ती त्याने भोपळ्याच्या वेलाला घातली आणि पहिला भोपळा घेऊन नवरा-बायको काकीकडे गेले. रंगू आपल्या पायांनी, सावकाश.

काकीने भोपळा उलटापालटा केला. "कुठल्या मातीतला रे?"

कमळू रंगूकडे बघायला लागला.

"राहू दे. आदी भाजी खाऊ दे, मंग सांग." तिने आत नातीला हाक मारली, "पौर्णिमा, पाणी आण गो."

विहिरीचंच पाणी. कमळूने तांब्या एका दमात संपवला, आणि अजून मागितलं.