आईचा पट्टा

विमानांच्या कारखान्यात मी वैमानिकांच्या खुर्च्यांचे पट्टे तपासायचो, आणि घरी माझ्या आईला एक पट्टा बांधू शकत नव्हतो. साठच्या दशकातली गोष्ट. मल्लेश्वरमला आमच्या दारात जुनी मोटार आली, तसे मी तिच्यात दोन पट्टे बसवले. सीटला नव्हे, खालच्या पत्र्याला बोल्टने आवळले. सीटच निसटली तर पट्टा काय कामाचा? विमानात खांद्यावरूनही पट्टे असतात. मोटारीला तेवढं कशाला, म्हणून मी कमरेचेच लावले.

आई पुढे माझ्या शेजारी बसायची. पाढे शिकवावेत तसं मी तिला शिकवलं: मोटार थांबते, आपण थांबत नाही, आपलं अंग त्याच वेगाने पुढे जातं. पट्टा मऊ पोटावर घ्यायचा नाही, खाली कमरेच्या हाडावर घ्यायचा, घट्ट.

"बेडप्पा, नको रे बाबा मला," ती नेहमीसारखं कानडी मिसळून म्हणाली. "तिरडीवर मढ्याला बांधतात. जित्या माणसाला कोण बांधतं?"

"आणि धक्का बसला की?"

"धरीन की हाताने."

"हाताने पैलवानालाही धरवत नाही, आई!"

"सरी, सरी. तू गाडी स्वल्प हळू चालव."

माझं डोकं फिरायचं. पालथ्या घड्यावर पाणी! त्यावर कडी म्हणजे, कोलारला मावशीकडे निघालो त्या सकाळी तिने लोणच्याची बरणी आमच्या दोघांच्या मधे ठेवली आणि स्वतःचा पट्टा बरणीभोवती आवळला. इतका व्यवस्थित, की मला खोट काढता येईना.

होसकोटेच्या अलीकडे म्हैस आडवी आली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. बरणी जागची हलली नाही. आईचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आदळलं. माझी कंबर पट्ट्याने धरली, पण वरचं अंग थेट स्टीअरिंगवर गेलं. तिथे आधीच काहीतरी होतं. आईचा उजवा हात, बरणीवरून आडवा आलेला, माझ्या छातीखाली सापडला होता.

"लागलं का रे तुला?" कपाळातून रक्त येत होतं आणि ती मला विचारत होती.

"मी बांधलेला होतो ना!" मी तिच्यावरच खेकसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

तिचं मनगट मोडलं होतं. हात प्लास्टरात असतानाच मी दाराच्या खांबांना भोकं पाडून दोघांसाठीही खांद्यावरून येणारे पट्टे लावले. मग आईला गाडीत बसवलं. तिने पट्टा चाचपून बघितला.

"हा वरचा कशाला?"

"तुझ्या हाताच्या बदली."

"मग आधीच का नाही लावलास?" ती म्हणाली, आणि डाव्या हाताने स्वतःच पट्ट्याची कडी अडकवू लागली.