रोज सकाळी गप्प होणारा वाचक

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत तिला सगळे बसाताई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. कुणाचा संगणक अडला, की ती आपलं स्टूल उचलून त्याच्या टेबलाशी जायची, त्याच्या खांद्यामागे बसायची आणि म्हणायची, ‘‘बसा, आणि रोज करता तसं काम करा. मी इथे नाहीच असं समजा.’’ समोरचा तक्रारींचा पाढा वाचायला लागला, तर ती हातानेच त्याला थांबवायची. तिचं म्हणणं असं, की माणूस तोंडाने सांगतो तो त्याचा वैताग असतो. मशीनला काय झालंय ते त्याच्या हातांकडे बघून कळतं.

ती या कचेरीत लागली तेव्हा टायपिस्ट होती. टंकलेखन यंत्रं गेली तेव्हा साहेब लोकांनी तिघी टायपिस्टना विचारलं, की संगणकाचं शिक्षण कोण घेणार. दोघींनी पोराबाळांची कारणं सांगितली. हिच्या मांडीवरही तेव्हा दीड वर्षाची मुलगी होती, पण कारण सांगायचं हिला सुचलं नाही, आणि म्हणून ती गेली. त्या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. जिन्याखालच्या तिच्या खोलीत उन्हाळ्यात गार वाटायचं, दार लावलं की कुणाचा आवाज यायचा नाही, आणि पाचला तिची सुट्टी व्हायची. नवरा घड्याळजी. तो घरी चिडवायचा, की आयुष्यभर दुरुस्तीचं काम केलं आणि एकदा म्हणून पेचकस हातात धरला नाही. ती म्हणायची, तुझी घड्याळं तुला उलट उत्तर देत नाहीत, म्हणून तुला उघडावी लागतात. नोकरीवर ती खूश होती आणि तसं उघड सांगायची. कचेरीत असं सांगणारं माणूस विरळाच, त्यामुळे काही जणांना ती जरा बावळट वाटायची.

तिचा हातखंडा म्हणजे जोड. पत्रं ज्या प्रोग्रॅममध्ये येतात-जातात त्याला बाहेरून चिकटवलेले छोटे छोटे मदतनीस असतात, ॲड-इन म्हणतात त्यांना. एखादा पत्रावर आवक क्रमांक टाकतो, एखादा मोठी फाईल बारीक करून पाठवतो. कचेरीत त्यांना जोड म्हणत. मूळ प्रोग्रॅमचं आणि या जोडांचं नातं घरमालक-भाडेकरूसारखं. घरात काही खुट्ट झालं, की मालक पहिला संशय भाडेकरूवर घेतो आणि त्याला बाहेर काढतो. मग तो जोड दिसेनासा होतो, माणसं बोंब मारतात, आणि बसाताई स्टूल उचलते.

तर त्या सोमवारी सकाळी बोलावणं आलं मास्तरांचं. मास्तर म्हणजे पत्रव्यवहाराचे कारकून. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कचेरीतल्या प्रत्येकाचं पत्र दुरुस्त केलं होतं, म्हणून मास्तर. पाणी येत नाही, गढूळ येतं, नळ रात्रभर वाहतो, अशी गावभरची गाऱ्हाणी त्यांच्याकडे यायची आणि ते प्रत्येकाला असं उत्तर लिहायचे, की शिव्या देणारा माणूस आठवड्याने आभाराचं पत्र धाडायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हट्ट करून एक जोड घालून घेतला होता. त्याचं नाव वाचक. तो आलेलं पत्र हेडफोनमधून कानात वाचून दाखवायचा. हा लाड कशाला, असं कुणी विचारलं, की मास्तर म्हणायचे, ऐकता ऐकता चहा पिता येतो. आता गेले तीन आठवडे वाचक रोज सकाळी गायब होत होता. मास्तर आपले आपण यादीत शोधून दुपारपर्यंत कसाबसा तो चालू करत, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बसाताईने यादी उघडली. वाचक ‘बंद केलेले’ या रकान्यात पडला होता. तिने त्याला चालू केलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, वाचक बोलायला लागला. मास्तरांनी मान डोलावली. तिला वाटलं, झालं काम.

मंगळवारी सकाळी वाचक पुन्हा गप्प. तिने तो मुळापासून काढला आणि नव्याने घातला. बुधवारी पुन्हा तेच. तिने प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये, म्हणजे एकही जोड न घेता, चालवून बघितला. छान चालला. मग बाकीचे जोड बंद ठेवून एकट्या वाचकाला आत घेतलं. तोही छान चालला. एकेक करून सगळ्यांना परत आत घेतलं, कुणाचं कुणाशी वाजलं नाही. ज्या कंपनीने वाचक बनवला तिला फोन केला, तर तिथल्या पोराने तिला काढून पुन्हा घालायला सांगितलं. ती म्हणाली, काल घातलाय. तो म्हणाला, मग आज घाला. तिने फोन ठेवला आणि दिवसभर त्या पोराच्या नावाने बोटं मोडली.

खरं तर हा वाचक तिच्या इतका जिव्हारी लागायचं कारण वेगळंच होतं. नव्या आलेल्या अधिकारी मॅडमनी मास्तरांना शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. तीन आठवड्यांत पत्रांची उत्तरं चार-चार दिवस मागे पडली होती. मॅडम काही दुष्ट नव्हत्या. पाणी नसलेल्या माणसाने चार दिवस उत्तराची वाट का बघावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि तो बरोबर होता. शुक्रवारपर्यंत गाडी रुळावर आली नाही, तर सोमवारपासून पत्रव्यवहार दुसऱ्या विभागाकडे जाणार होता आणि मास्तर तळघरातल्या जुन्या फायलींवर. निवृत्तीला त्यांची तीन वर्षं उरली होती. तळघरात पत्र येत नाही, तिथे कुणी कुणाला उत्तर लिहीत नाही. ते तिथे सहा महिन्यांत वाळून जातील, असं बसाताईला स्पष्ट दिसत होतं आणि त्या विचाराने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

एका गोष्टीचं मात्र तिला नवल वाटलं. वाचक नसला, की मास्तर एका पत्राला अर्धा तास घेत. चहा पिता येत नाही म्हणून कुणी एवढं हळू वाचत नाही.

गुरुवारी तिने मशीनची नोंदवही उघडली. मशीन स्वतःशीच सगळं टिपून ठेवतं, कधी चालू झालं, कधी बंद पडलं. त्यात गेल्या तीन आठवड्यांच्या प्रत्येक संध्याकाळी, साडेपाच ते पावणेसहाच्या मध्ये, एकच ओळ होती: मशीन अचानक बंद पडलं. रोजच्या रोज अचानक! तिने कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं लोकांच्या हातांकडे बघण्याची बढाई मारली, आणि मास्तरांचे हात बघितले ते फक्त सकाळचे. हिची सुट्टी पाचला, त्यांची साडेपाचला. शेवटचा अर्धा तास तिने कधी बघितलाच नव्हता.

तिने मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की जाताना मशीन नीट बंद करता ना. मास्तर ताठ झाले. तीस वर्षं फायली आवरतोय, एक मशीन आवरता येणार नाही का, असं त्यांनी ऐकवलं. तिने नवऱ्याला फोन करून स्वयंपाकाला लागायला सांगितलं, आणि पाच वाजता स्टूल घेऊन मास्तरांच्या मागे जाऊन बसली.

साडेपाचला माणसं उठली, डबे-पिशव्या घेऊन गेली. मास्तरांनी दोनदा आठवण करून दिली, की तुमची बस जाईल. ती म्हणाली, गेली. मग त्यांचा नाइलाज झाला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं पडद्यावर आलं होतं. मास्तरांनी माऊस धरला. पडद्यावरचा बाण वर कोपऱ्यात, खिडकी बंद करायच्या फुलीकडे गेला, पुढे निघून गेला, परत आला, भलत्याच जागी टेकला. एक खिडकी नाहीशी झाली, दुसरीच उघडली. मास्तर पडद्याला नाक लावण्याइतके पुढे झुकले. मग त्यांनी माऊस सोडला, न बघता हात टेबलाखाली नेला आणि मशीनचं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार. हेडफोनमधून बारीक ऐकू येणारा वाचक एका शब्दाच्या मध्यावर तुटला आणि पडदा काळा झाला.

मास्तरांनी हेडफोन उतरवून गळ्यात अडकवला.

‘‘ती फुली दिसत नाही मला,’’ मास्तर शेवटी म्हणाले. ‘‘संध्याकाळी तर अजिबात नाही.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘दोन वर्षं झाली. पूर्वी शेजारच्या टेबलावरची मुलगी जाताना बंद करायची, मी म्हणायचो, मी फायली आवरतो, तेवढं माझं मशीन बंद कर. तिची बदली झाली.’’

‘‘तीन आठवड्यांपूर्वी.’’

‘‘हो.’’

बसाताईला आधी राग आला, आणि तो तिने गिळला नाही. चार दिवस तिने डोकं फोडून घेतलं होतं, कंपनीच्या पोराशी भांडली होती, आणि हा शहाणा माणूस तिच्यासमोर बसून मान डोलावत होता. ‘‘तुमच्या वाचकाचा काही दोष नाही हो,’’ ती म्हणाली. ‘‘रोज संध्याकाळी तो बोलत असताना तुम्ही मशीनचा गळा आवळता. सकाळी प्रोग्रॅम उठतो आणि बघतो, की मी पडलो तेव्हा बोलत कोण होतं. वाचक. मग तो त्यालाच घराबाहेर काढतो. तुम्ही त्याला परत आणता आणि संध्याकाळी परत तेच करता.’’

मास्तरांनी हे नीट ऐकून घेतलं. त्यांना हसू आलं, पण ते पुरतं फुटलं नाही. ‘‘मॅडमना सांगू नका,’’ ते म्हणाले. ‘‘दिसत नाही म्हटलं, की तळघरच.’’

तिने काही कबूल केलं नाही आणि काही नाकारलंही नाही. तिने स्टूल पुढे ओढलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. फुलीच्या नादी लागायचंच नाही, दोन कळा एकदम दाबल्या की उघडी खिडकी बंद होते, असं तिने दाखवलं. त्या दोन कळांवर तिने डिंकाचा एकेक थेंब टाकला आणि वाळायला दहा मिनिटं दिली, म्हणजे बोटाला उंचवटा लागेल. आधी वाचकाला गप्प करायचं, मग खिडकी, मग दहा आकडे मोजायचे, मग पुन्हा त्याच दोन कळा आणि एंटर, की मशीन बंद. मास्तरांनी सातदा करून बघितलं. आठव्यांदा त्यांनी डोळे मिटून केलं, आणि पोराला पहिल्यांदा सायकल चालवता आल्यासारखे खूश झाले. घरी पोचायला तिला साडेसात झाले. नवऱ्याने भात करपवला होता आणि ती चकार शब्द न बोलता जेवली.

शुक्रवारी सकाळी वाचक जागेवर होता. मास्तरांनी अकरापर्यंत नऊ पत्रांना उत्तरं दिली. साडेअकराला मॅडम स्वतः आल्या. त्यांनी पाठवलेल्या पत्रांची यादी बघितली, समाधान झालेलं दिसलं. मग बसाताईकडे वळून त्यांनी विचारलं, की हा परत बंद पडणार नाही कशावरून. ती म्हणाली, त्याला कायम चालूच्या यादीत टाकता येतं, मग प्रोग्रॅमला त्याला काढायचा अधिकारच राहत नाही. पण त्यासाठी अर्ज लागतो, त्यावर कारण लिहावं लागतं आणि मॅडमची सही.

‘‘मग लिहा ना. कारण काय आहे?’’

अर्ज बसाताईच्या हातातच होता. कारणाचा रकाना तिने कोरा ठेवला होता. सकाळपासून तिने मनात दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती, सगळी तांत्रिक, एकही खोटं नाही आणि एकही खरं नाही. ती तोंड उघडणार एवढ्यात मास्तरांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

‘‘मॅडम, मशीन मी चुकीचं बंद करत होतो. मला दिसत नव्हतं.’’

खोलीतल्या बाकीच्या टेबलांवरचे हात थांबले. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पाठवलेल्या नऊ पत्रांच्या यादीकडे. ‘‘आता दिसतंय का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सकाळी थोडं दिसतं. ऐकू मात्र दिवसभर येतं.’’

मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. कारण लिहून द्या, म्हणाल्या, मी इथेच सही करते. बसाताईने पेन उघडलं. तिने लिहिलं, की कर्मचाऱ्याची दृष्टी अधू असल्याने त्याला कामात अडचण येते. लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवलं. मास्तरांनी लगेच हात वर केला. इतकी वर्षं ज्या सुरात त्यांनी कचेरीतल्या प्रत्येकाचं पत्र परत पाठवलं होतं, त्याच सुरात ते म्हणाले, ‘‘खोडा ते. कामात अडचण येत नाही. लिहा, कर्मचाऱ्यास डोळ्यांनी कमी दिसते. काम तो कानांनी करतो, आणि वेळेवर करतो.’’

बसाताईने खोडलं आणि ते सांगतील तसं लिहिलं. मॅडमनी दोन्ही वाक्यं वाचली आणि खाली सही केली. मास्तरांनी कानावर हेडफोन चढवला. दहावं पत्र उघडलं होतं, कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर चार दिवस पाणी चढत नव्हतं.