केवळा ब्युटी पार्लरची तनुजा

मुग्धाच्या अकरावी-बारावीसाठी मी दोन वर्षं लातूरला राहिले. मी मुदखेडच्या शाळेत शिक्षिका, नवरा तिथंच रेल्वेत. पोरीला एकटीला हॉस्टेलवर ठेवायला मन धजेना, म्हणून बिनपगारी रजा टाकली आणि २०१४च्या जूनमध्ये ट्यूशन एरियात एक खोली भाड्यानं घेतली. त्या गल्लीत माझ्यासारख्या आयाच आया होत्या. कुणी देगलूरची, कुणी अहमदपूरची, कुणी परभणीकडची. डबा भरून दिला, लेकरू क्लासला गेलं, की दुपारपर्यंत रिकामं. शेजार नाही, नातं नाही. आरशासमोर उभं राहायला मात्र वेळच वेळ. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी माझा चेहरा नीट पाहिला, तर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आणि ओठांच्या कडेला दोन रेघा. या कधी आल्या, ते मला सांगता आलं नसतं.

गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर ‘केवळा ब्युटी पार्लर’. नाव वाचून मला हसू आलं. मी वर गेले. एक खुर्ची, एक पलंग, भिंतीवर आरसा आणि बत्तिशीतली एक सावळी, अंगानं बारीक बाई. तीच तनुजा.

“केवळा कोण?” मी विचारलं.

“माझी मावशी. केवळाबाई. आपलं नाव पाटीवर बघून लई लाजती. या, टेका.”

तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मी, जी दुपारची कधी झोपत नाही, ती दहा मिनिटांत घोरायला लागले. असा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. कुठं दाबायचं, कुठं नुसतं बोट फिरवायचं, हे त्या हाताला आपोआप कळत होतं. पुढं ओळख वाढल्यावर मी विचारलं, हे कुठं शिकलीस? तेव्हा तिनं सांगितलं.

ती निलंग्याकडच्या एका खेड्यातली. त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडलं तेव्हा अकरा वर्षांची होती. आई-बाप आणि धाकटा भाऊ गेले. त्याच गावात मावशी दिलेली होती, तिचा नवरा आणि दोन लेकरं गेली. दोन घरांतून या दोघीच उरल्या. पत्र्याच्या शेडमध्ये केवळाबाई दिवसचे दिवस भिंतीकडं तोंड करून पडून असायची. बोलायची नाही, झोपायचीही नाही. मदतीच्या सामानात करडईच्या तेलाचा डबा आला होता. तनुजा रोज संध्याकाळी मावशीच्या कपाळाला ते तेल चोळायची.

“तेवढा वेळ ती डोळे मिटायची,” तनुजा म्हणाली. “म्हणून मी लई वेळ चोळायचे.”

तेव्हा केवळाबाई तेहतीस वर्षांची होती. पण त्या एका वर्षात तिचे केस पांढरे झाले, गाल बसले आणि नवखी माणसं तिला आजी म्हणायला लागली. पुढं ती तनुजाला घेऊन लातूरला आली. भूकंपानंतरच्या वर्षांत क्लासेस वाढत होते, बाहेरगावची पोरं येत होती, मेसला भाकरी करणाऱ्या बाया लागत होत्या. केवळाबाईनं भाकरी थापून पोरीला दहावी केलं, मग एका संस्थेच्या पार्लरच्या कोर्सला घातलं. तनुजाचं लग्नही झालं होतं, पण दोन वर्षांत मोडलं. त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, “त्याला मावशी नको होती.”

२०१५च्या उन्हाळ्यात तिच्याकडं एक एजंट आला. क्रीमच्या पांढऱ्या डब्या, वर नुसतं ‘स्पेशल’ असं लिहिलेलं. म्हणाला, हैदराबादच्या मोठ्या पार्लरांत हीच चालते, आठ दिवसांत वांग जातो, सुरकुत्या भरतात, दहा वर्षांनी वय उतरतं. तनुजानं आधी स्वतःच्या हातावर लावून पाहिली. काही झालं नाही. मग तिनं ती मला दिली.

खोटं कशाला बोलू, आठव्या दिवशी माझा चेहरा आरशासारखा झाला. सुट्टीला मुदखेडला गेले तर स्टेशनवर उतरताना नवऱ्यानं मला ओळखायला एक क्षण लावला. मी खुशीत होते. मीच शेजारच्या पार्वतम्माला पार्लरवर नेलं. ती देगलूरची, तिच्या मराठीत अर्धी तेलुगू. मुलगा रोज तिच्यावर खेकसायचा आणि ती रोज त्याच्यासाठी रव्याचे लाडू करायची. तिलाही डबी मिळाली. बघता बघता गल्लीतल्या सगळ्या आयांचे चेहरे उजळले.

डिसेंबरात पार्वतम्माची डबी संपली आणि एजंट आला नाही. चार दिवसांत तिचं तोंड लाल झालं. सहाव्या दिवशी ती माझ्या दारात आली तेव्हा पदरानं चेहरा झाकून घेतला होता.

“अक्का, पाणी लागलं तरी आग होते. श्वास घेतला तरी आग होते.”

पदर काढला तर गालभर पुटकुळ्या, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, खालच्या शिरा दिसत होत्या. मी तिला तशीच पार्लरमध्ये नेली. तनुजानं एकदा पाहिलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. पार्लरला कुलूप लावलं आणि मला म्हणाली, “ताई, तुमचे भाऊ नांदेडला चामडीचे डॉक्टर हायेत म्हणाला होतात ना?”

श्रीनाथ माझा चुलतभाऊ. आम्ही तिघी एसटीनं नांदेडला गेलो. रस्ताभर पार्वतम्मा खिडकीच्या उलट बाजूला तोंड करून बसली, कारण ऊन लागलं की ती कळवळायची. श्रीनाथनं तिला तपासलं, डबी उघडून वास घेतला आणि विचारलं, “ही कुणी दिली?”

“मी,” तनुजा म्हणाली.

“यात स्टेरॉईड आहे. सुरुवातीला चेहरा चमकतो, मग कातडी मरत जाते. बंद केली की अशी उसळते. तुम्हाला कोणी अधिकार दिला औषध वाटायचा?”

तो बराच वेळ बोलत राहिला. मला वाटलं, तनुजा एजंटाचं नाव घेईल, मला माहीत नव्हतं म्हणेल. तिनं तसं काहीच केलं नाही. बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, “बरं होतं का डॉक्टरसाहेब?”

“होतं. पण महिने लागतात. काहींच्या चेहऱ्यावरच्या शिरा जात नाहीत. आणि ज्यांची अजून चालू आहे त्यांनी मनानं एकदम बंद करू नये, त्यांना आधी माझ्याकडं किंवा तिथल्या कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरकडं पाठवा. किती जणींना दिलीत?”

“साठेक असतील.”

“नावं आहेत?”

“नावं न्हाईत. चेहरे ध्यानात हायेत.”

मग श्रीनाथनं माझ्याकडं पाहिलं. “तूसुद्धा लावतेस ना?” मी मान खाली घातली.

परतीच्या बसमध्ये मी तनुजाशी भांडले. माझ्या चेहऱ्याचं काय होणार या भीतीनं मला दुसरं काही सुचत नव्हतं. तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. लातूर आल्यावर एवढंच म्हणाली, “उद्यापासून सांगून येते सगळ्यांना.”

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी मुग्धाला आणायला क्लासवर गेले. गेटबाहेर नेहमीसारखी स्कूट्यांची आणि सायकलींची गर्दी, आया उन्हात स्कार्फ बांधून उभ्या. तनुजा त्या गर्दीत एकेकीच्या तोंडाकडं बघत फिरत होती. ओळखीचा चेहरा दिसला की पुढं जायची, हात धरायची.

“ताई, मी दिलेली ती डबी वाईट हाय. माझी चूक झाली. डॉक्टरला दाखवा. हा कागद घ्या, यावर सगळं लिहिलंय.”

कागद श्रीनाथनं सांगितल्याप्रमाणं तिनं लिहून काढला होता आणि खालच्या दुकानातून झेरॉक्स केला होता. काही जणींनी निमूट घेतला. एक हसून म्हणाली, “अगं, मला तर छान लागू पडलीय, कामून घाबरवतीस?” एकीनं तो तिच्यासमोर फाडला. अहमदपूरची एक बाई, किशनराव म्हणून कुणा मोठ्या सोसायटीच्या चेअरमनची बायको, सगळ्यांदेखत ओरडली, “माझ्या तोंडाची राख केलीस तू!” आणि तिनं तनुजाच्या थोबाडीत मारली. पोरं बघत राहिली. तनुजानं गाल चोळला नाही. “हाव ताई,” म्हणाली आणि तिच्या हातात कागद दिला.

अकरा दिवस ती वेगवेगळ्या क्लासच्या गेटवर उभी राहिली. ज्या गावी निघून गेल्या होत्या त्यांचे पत्ते बाकीच्या आयांकडून काढून त्यांच्याकडं एसटीनं गेली, निलंगा, उदगीर, पार देगलूरपर्यंत. तिसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर उभी राहिले. मला बसमधल्या बोलण्याची लाज वाटत होती. मी माझा स्कार्फ काढला आणि ज्यांना खरं वाटत नव्हतं त्यांना माझे उलायला लागलेले गाल दाखवले. शाळेतली बाई आहे म्हटल्यावर लोक माझं जरा जास्त ऐकत.

पार्लर ओस पडलं. त्यातच २०१६ उजाडलं आणि लातूरचं पाणी आटलं. नळाला पाणी नाही, टँकरला रांगा. तनुजाकडं एखादी मुलगी भुवया करायला यायची तेवढीच. घर मावशीच्या भाकऱ्यांवर चाललं. पण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तनुजा सात-आठ बायांना घेऊन नांदेडच्या बसमध्ये बसायची. पार्वतम्माला न चुकता. श्रीनाथ तपासायचा, आणि ती दवाखान्यात कोपऱ्यात उभी राहून पाहायची. कुणाला पील, म्हणजे कातडीचा वरचा थर उतरवणारं औषध, लावलं तर किती वेळ ठेवलं, लेझरच्या आधी काय विचारलं, कुणाला तो नाहीच म्हणाला. हळूहळू श्रीनाथचा राग गेला. तो तिला समजावून सांगायला लागला: सुई, लेझर, पील ही डॉक्टरची कामं, पण उन्हापासून चेहरा जपणं, घासाघास न करणं, साधं मलम नेमानं लावणं, हे बायांना तुझ्याइतकं कोणी पटवून देणार नाही.

पार्वतम्माचा चेहरा मेच्या सुमारास निवला. माझा त्याआधीच. वांगाचे डाग परत आले, ते मात्र मुकाट्यानं ठेवून घेतले.

जूनमध्ये एका फेरीला केवळाबाई आमच्याबरोबर आली. छप्पन्न वर्षांची, पण पाहणाऱ्यानं पंचाहत्तर म्हटलं असतं. कपाळावर नांगरल्यासारख्या खोल आठ्या, डोळ्यांभोवती जाळं. ती नुसती पोरीचं काम बघायला आली होती. त्या दिवशी श्रीनाथनं एका बाईच्या कपाळात सुरकुत्यांची इंजेक्शनं दिली होती आणि बाटलीत औषध उरलं होतं. ते उघडल्यावर फार ठेवता येत नाही. तो गमतीनं म्हणाला, “मावशी, तुम्हाला देऊ का? पैसे नकोत.”

आम्ही सगळ्या हसलो. केवळाबाई हसली नाही.

“त्यानं काय होतं?”

“कपाळाच्या आठ्या सैल पडतात. तीन-चार महिने. मग परत येतात.”

“द्या.”

तनुजा पुढं झाली. “मावशे, तुला काय करायचंय? या वयात?”

केवळाबाई पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “मी एकदम म्हातारी झाले गं. तेहतिसाची होते, आन् मग म्हातारीच. चाळीसची कशी दिसले असते, पंचेचाळीसची कशी दिसले असते, मला ठावंच न्हाई. चार महिने तर चार महिने.”

श्रीनाथनं खुर्ची पुढं ओढली, तिच्या तब्येतीचं सगळं विचारून घेतलं, कपाळ पुसलं आणि एकेक बारीक सुई टोचली. तनुजा तिचा हात धरून उभी होती आणि रडत होती. केवळाबाई तिला म्हणाली, “मुंग्या चावल्यावाणी लागतंय. तू कामून रडायलीस?”

आठ-दहा दिवसांनी मी लातूरची खोली सोडली त्या दिवशी पार्लरच्या पायऱ्या चढून गेले. केवळाबाई खुर्चीत बसून आरशात बघत होती. कपाळ सपाट झालं होतं. तरुण नव्हती झाली. पण दमलेपणा उतरला होता, डोळे मोठे दिसत होते. भाकरीचं पीठ लागलेलं बोट तिनं भुवईवरून फिरवलं.

“माझ्या बहिणीवाणी दिसते मी,” ती म्हणाली. ती बहीण म्हणजे तनुजाची आई.

तनुजा मागं उभी होती. तिनं आरशात पाहिलं आणि मावशीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. मी पायरीवरूनच परतले.

मुग्धाला मेडिकल मिळालं नाही, फार्मसीला गेली आणि रमली. तनुजाच्या पार्लरमध्ये हळूहळू बाया परत आल्या. पार्वतम्मानंच देगलूरच्या अर्ध्या आया पाठवल्या. आता पार्लर सुरू करणाऱ्या पोरींना तनुजा शिकवते, निलंग्याला, उदगीरला. पहिल्या तासाला स्वतःची चूक सांगते, थोबाडीत खाल्ल्याचंसुद्धा लपवत नाही.

त्या अहमदपूरच्या बाईच्या गालावरच्या शिरा गेल्या नाहीत. तनुजा तिला दर दिवाळीला फोन करायची आणि ती उचलायची नाही. परवा तनुजाचा मला फोन आला.

“ताई, त्यांनी उचलला. नुसतं ‘बोला’ म्हणाल्या. मला काही बोलायलाच येईना.”