विनविथा माउलीचा दोरा

मठात संत विनविथेच्या हाताचं हाड चांदीच्या पेटीत असे. दर वर्षी सणाआधी गोडिथ मेणवाली त्या हाडाला दोरा लावून माप घ्यायची आणि तेवढ्याच वातीची मेणबत्ती करायची. त्या मापाचे दोरे गावातल्या बायकाही घरी नेत, अडलेल्या बाळंतिणीच्या मनगटाला बांधत. गोडिथला आईकडून मिळालेलं हे काम. तिच्या लेखी ती प्रार्थनाच होती.

त्या वर्षी पेटी रिकामी निघाली. तिसऱ्या दिवशी पेटी सांभाळणाऱ्या ब्रदर फुल्कना हाड ‘सापडलं’ ते गोडिथच्याच झोपडीत. तिचा नवरा ऑर्डरिक थडगी खणायचा. त्याला बेड्या पडल्या. रविवारी उजवा हात तोडायचा ठरला.

“जन्म हाडांत गेला त्याचा. लागली असेल चटक,” फुल्क म्हणाले.

“चटक? ताटात हाड आलं तरी कुत्र्यापुढे टाकतो तो!” गोडिथ म्हणाली आणि भर देवळात, हाड परत ठेवलेल्या पेटीपाशी गेली. कमरेला बांधलेला मापाचा जुना दोरा सोडून तिने हाडाला लावला. हाड दोन बोटं आखूड भरलं.

“दोरा आटला असेल,” फुल्क घाईने म्हणाले.

“आटला तर दोरा आखूड होईल ना, ब्रदर? इथे हाडच तोकडं आहे!”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मठाधिपतींनी तिला खांबाआड नेलं.

“नवऱ्याला घेऊन जा, बाई. पण हे हाड विनविथेचंच, एवढं म्हण. सण तोंडावर आलाय.”

गोडिथ खांबाआडून बाहेर आली. सगळ्यांसमोर ती मोठ्यानं म्हणाली, “नाही म्हणणार, फादर. माउलीची वात मी खोट्या मापाची करणार नाही. मग काय तोडायचं ते तोडा.”

गर्दीतून म्हातारी हिल्डा सुईण पुढे आली. तिने आपला दोरा पेटीपाशी ठेवला. मग दुसरीने, मग पाचवीने. सगळे दोरे एका मापाचे, हाडाहून दोन बोटं लांब.

मठाधिपतींना झडती घ्यावीच लागली. फुल्कच्या गादीत खरं हाड मिळालं, दुसऱ्या मठाला विकायला बांधून ठेवलेलं.

बेड्या सुटून घरी येताना ऑर्डरिक मनगट चोळत म्हणाला, “माझा हात जात होता, आणि तू वातीचं घेऊन बसलीस!”

“मग? तुमच्या हातासाठी माउलीचा हात तोकडा करू होय?”